सगळ्यांसारखं वाच

आपल्याकडं पोर अभ्यासात मागं पडलं की शिकवणी लावतात, आणि पुढं गेलं की घरी तक्रार येते. निपाणीच्या दीपंकरला हे आता पाठ झालं होतं. तो बँकेच्या काउंटरवर, गिऱ्हाइकांची रांग दारापर्यंत, आणि फोनवर दुसरीतल्या लेकीच्या बाई.

"सर, पारमिताचं काय तरी करा हो. माझी एक ओळ व्हायच्या आत तिचा धडा संपतोय. मग शेजारणीला पुढची गोष्ट सांगत बसते. मी वर्ग सांभाळू का हिला?"

घरी तरी काय वेगळं होतं? भज्यांचा कागद, औषधाची बाटली, बसवरची कन्नड पाटी, पोरगी काही म्हणून वाचल्याशिवाय सोडत नव्हती. लग्नपत्रिकेतल्या चुका तर पाहुण्यांच्या तोंडावर काढायची.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच दीपंकर खेकसला, "लई शानपणा झाला पारू. सगळ्यांसारखं वाचायचं. एकेका अक्षरावर बोट ठेवून. कळलं?"

"व्हय पप्पा."

पोर सांगितलेलं ऐकणारी होती, हीच पंचाईत.

सकाळी आज्जांना पेपर वाचून दाखवणं हे तिचंच काम. सत्याप्पा आज्जांचा जन्म मास्तरकीत गेला, पण आता डोळ्यांनी दगा दिलेला. चहाची बशी घेऊन ते नातीपुढं बसले.

"चि... को... डी... त... पा... णी..."

"छपाई पुसट हाय काय गं?"

"न्हाय आज्जा. पप्पांनी सांगितलंय, सगळ्यांसारखं वाच."

आज्जांनी बशी खाली ठेवली.

"दीपंकर, इकडं ये. माझ्या बापाला जातीपायी शाळेच्या व्हरांड्यात बसवायचे. त्याला आत घेत नव्हते, आन् तू आत बसलेल्या पोरीचं तोंड बांधतोस?"

दीपंकरला ते झोंबलं. "रोज शाळेचा फोन येतोय आप्पा. मी तरी काय करू? वरच्या वर्गात ढकलू?"

"कशाला? गणिताला अजून बोटं मोजती ती. मैत्रिणी बी दुसरीतच हायत. वाचनाच्या तासाला तेवढी पाचवीत बसू दे. भूक मोठी असली तर ताट मोठं द्यावं, पोट बांधू नये. आन् बाईंशी भांडू नगंस. त्यांच्या जिवाला बी लई पोरं हायत."

दीपंकर बँकेत उशिरा पोचला, पण आधी शाळेत गेला. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "एकीला दिलं की सगळे मागतील."

"मागू देत की बाई. वाचायला मागणारी पोरं कुठं मिळतात?"

बाईंच्या आठ्या सैल झाल्या. मग स्वतःच उठून पाचवीच्या गुरुजींकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. पारूनं सवयीनं अक्षरावर बोट ठेवलं आणि बापाकडं बघितलं. दीपंकरनं ते बोट हळूच उचललं.

"तुझ्यासारखं वाच."

पारू जी सुटली, ती पान उलटायलाच थांबली.

"दमानं गं," आज्जा म्हणाले, "मला तेवढं पळता येत न्हाय."

मंडळी, मागं राहिलेल्या लेकराला हात द्यावा, हे आपल्याला कळतं. पुढं पळणाऱ्याचा पाय ओढू नये, त्यालाही वाट करून द्यावी, एवढं कळायला आपल्याला इतका वेळ का लागावा?