पंधराव्या खाटेचा पत्ता

बारा वाजता जुन्या वॉर्डातले वीस पेशंट नव्या वॉर्डात हलायचे होते आणि सव्वाअकरा वाजले तरी सहा मॉनिटर मुके होते. सिस्टरांच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर खाट एक ते चौदाच्या चाचणीच्या हिरव्या रेषा झकास पळत होत्या. पंधरा ते वीसच्या चौकटी काळ्याकुट्ट.

"बाई, तुमचं हे तुकडे-तुकडे प्रकरण मला पहिल्यापासून पटलं नव्हतं," मेट्रन आत्याला म्हणाल्या. "पूर्वी सगळं हॉस्पिटल एकाच नेटवर्कवर होतं. बारापर्यंत वीसच्या वीस दिसले नाहीत, तर मी वर सांगणार, सगळं पुन्हा एकत्र जोडा म्हणून."

"सांगा की. पण बाराला सांगा, आत्ता नको," आत्या म्हणाली.

शेजारी उभी असलेली भाची मात्र हातातला पत्त्यांचा कागद पुन्हा वरपासून वाचू लागली. हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणाऱ्या आत्यानं चार वर्षं खपून ते विभागलं होतं. त्याआधी केसपेपरच्या खिडकीवरचा एखादा प्रिंटर बिघडून बडबडायला लागला, की पार ऑपरेशन थिएटरपर्यंत सगळं ठप्प व्हायचं. आता प्रत्येक वॉर्डाची आपली गल्ली, आणि गल्लीबाहेर पडायला एकच दार, म्हणजे राउटर. एका गल्लीतला गोंगाट दुसरीत जात नसे. आणि या नव्या गल्लीतले वीस मॉनिटर, दोन महिन्यांपूर्वी हाताखाली रुजू झालेल्या भाचीनं काल एकटीनं बसवले होते.

"काय काय करून पाहिलंस?" आत्यानं विचारलं.

"वायरी बदलल्या. चौदाचा मॉनिटर उचलून पंधराच्या जागी लावला, तर तिथेही तो चालला."

"मग वायरींवर राग काढू नकोस. पत्ते सांग."

"पहिल्या खाटेचा शेवटचा आकडा एक्क्याऐंशी. तिथून ओळीनं विसाव्या खाटेला शंभर."

"म्हणजे चौदावी चौऱ्याण्णव." आत्यानं बोटांवर मोजलं. "सहाही सारखेच गप्प आहेत?"

"नाही. पंधरावा आणि सोळावा तर पत्ताच घेत नाहीत, चुकीचा पत्ता म्हणतात. बाकीचे चार घेतात, पण गल्लीबाहेर, मोठ्या पडद्यामागच्या सर्व्हरपर्यंत, पोचत नाहीत."

"अगं मग तो पंधरावा तुला ओरडून सांगतोय!" आत्या हसली. तिनं ना लॅपटॉप उघडला होता, ना एका मॉनिटरला हात लावला होता. "शहाणे, पेन घे. पंचाण्णव हा आकडा कुठल्या गल्लीत कुणालाच देता येणार नाही?"

भाचीनं कागद उलटा केला. पत्त्यातला शेवटचा आकडा यंत्राच्या पोटात आठ शून्य-एकांनी लिहिलेला असतो. त्यातले डावीकडचे किती गल्लीचे आणि उरलेले किती घराचे, हे मास्क सांगतो. तीन गल्लीला दिले तर घरांसाठी पाच उरतात, म्हणजे बत्तीस आकडे. दोन दिले तर चौसष्ट. त्यातला पहिला आकडा गल्लीच्या स्वतःच्या नावासाठी राखीव, शेवटचा साऱ्या गल्लीला एकदम हाक मारण्यासाठी. चौसष्टपासून बत्तीस आकडे मोजले, तर शेवटचा...

पेन थांबलं.

"पंचाण्णव," ती पुटपुटली. "जुने वॉर्ड लहान, त्यांच्या गल्ल्या बत्तीसच्या, मास्कच्या शेवटी दोनशे चोवीस, म्हणजे गल्लीला तीन. ही गल्ली मोठी, चौसष्ट ते एकशे सत्तावीस, मास्क एकशे ब्याण्णव, म्हणजे गल्लीला दोनच. मी जुन्या वॉर्डाचा कागद समोर ठेवून भरत गेले. पत्ते बदलले, मास्क तसाच राहिला."

"आणि दार कुठे आहे?"

"पासष्टवर! पहिल्या चौदांना दार आपल्या गल्लीत दिसतं. शहाण्णव हा पुढच्या बत्तीसमधला पहिला, म्हणून सोळावाही अडला. सत्त्याण्णवपासून पुढच्यांना वाटतं, आपली गल्लीच वेगळी. म्हणजे त्यांच्या लेखी दार परक्या गल्लीत." तिला एकदम हसूच फुटलं. सहा मुक्या यंत्रांच्या गप्प बसण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हांवरून आत्यानं अख्खी चूक उभ्या उभ्या ओळखली होती.

सहा मॉनिटरचे मास्क बदलायला तिला सात मिनिटं लागली. अकरा पस्तीसला पडद्यावर वीस हिरव्या रेषा पळू लागल्या.

"चला, सुटलो," मेट्रन म्हणाल्या. "आणा रे ट्रॉल्या."

"थांबा," भाची म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. "उरलेले चौदाही चुकीचेच आहेत."

"चालतायत ना डोळ्यांदेखत?"

"चालतायत, पण त्यांच्या लेखी पंचाण्णव म्हणजे सगळ्यांना हाक. उद्या चौदाव्या खाटेनं पंधराव्या खाटेला काही कळवायचं म्हटलं, तर तिच्यापुरता निरोप जायच्या जागी दवंडी पिटली जाईल. माझीच चूक आहे. मला पंधरा मिनिटं द्या."

मेट्रननी आत्याकडे पाहिलं. आत्यानं नुसती होकारार्थी मान हलवली. पण ती भाचीकडे ज्या नजरेनं बघत होती, तशी नजर मेट्रननी तिची चार वर्षांत पाहिली नव्हती.

"मग इथे उभी काय राहिलीस?" मेट्रन भाचीवर डाफरल्या आणि दारात जाऊन दोन्ही हात पसरून त्यांनी स्वतःच ट्रॉल्या अडवल्या.

अकरा छप्पन्नला चौदावी खाट झाली. चार मिनिटांनी पहिली ट्रॉली आत आली. कालच ऑपरेशन झालेल्या आजी होत्या.

"कुठे घेऊ?" वॉर्डबॉयनं विचारलं.

"पंधरावर," मेट्रन म्हणाल्या. "तो मॉनिटर चुकीचं काही मुकाट्यानं खपवून घेत नाही. मला असाच हवा."

वर सांगायचं त्या दिवशी राहूनच गेलं.