पुलाजवळचा निळा दिवा विझला तेव्हा

मी पोलिसांच्या गस्तीच्या गाडीवरचा निळा दिवा बोलतोय. चोरामागे धावताना लखलखणारे माझे भाऊ तुम्ही पाहिले असतील. माझं काम त्याहून साधं. अंधार पडला की न लुकलुकता जळत राहायचं. पोलीस इथे आहेत, एवढं लांबून दिसलं की झालं.

होंडुरासमधल्या सान ब्लासितो गावात सार्जंट एउलालिया झेलाया यांनी मला गाडीच्या टपावर बसवून घेतलं. ड्रायव्हर नाहुमला मी पहिल्या दिवसापासून खुपलो.

"मॅडम, टेकडीवरच्या टोळीला आपण पत्ताच दिला की! या, मारा इथे गोळी!"

"त्यांना दिसतो तसा बायाबापड्यांनाही दिसतो. एवढी भीती वाटते, तर बेकरी का नाही टाकलीस?"

"टाकली होती. सगळे पाव करपले."

आमची गाडी पुलाजवळ उभी असे. पुलाच्या पलीकडे ओदिलियाबाई तव्यावर पोळ्या भाजून त्यात घेवड्याचं सारण भरून विकायची. तिची मुलगी सुयापा नवऱ्याला सोडून तिच्याकडे आली होती. नवरा विल्मेर ऊसतोडीचा मुकादम. 'कोयत्याने तोडीन' असा निरोप त्याने दोनदा धाडला होता.

"तो दिसला की निळ्या दिव्याकडे पळत सुट," सार्जंटबाईंनी सुयापाला बजावलं होतं. "मध्ये कुठेही थांबू नकोस."

ऑक्टोबरातली संध्याकाळ. सार्जंटबाई गल्लीत चौकशीला गेल्या होत्या. टेकडीवरून एक गोळी आली आणि गाडीचा आरसा फुटला. नाहुम सीटखाली घुसला. तिथूनच त्याने हात वर करून माझं बटण दाबलं.

मी विझलो.

विल्मेर नेमका तेव्हाच आला. सुयापा पुलावरून पळत सुटली आणि अर्ध्यात थबकली.

"आई, दिवा नाहीये गं!"

ती मागे वळली ती त्याच्याच पुढ्यात. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा चुकवायला तिने उजवा हात वर केला, तो मनगटातून गेला.

त्या किंकाळीने नाहुम भानावर आला. त्याने मला लावलं आणि बंदूक विसरून तसाच धावला. त्याने विल्मेरला मागून कवळ घातली. कोयत्याने नाहुमचा गाल कानापर्यंत फाडला, तरी त्याने सोडलं नाही. विल्मेरचं डोकं तो कठड्यावर आपटत राहिला. कोयता खाली पडला तरी आपटत राहिला. माझ्या उजेडात रक्त काळं दिसत होतं.

"सोड नाहुम! मरेल तो!" धावत आलेल्या सार्जंटबाईंनी त्याला ओढून काढलं.

विल्मेर वाचला, तुरुंगात गेला. सुयापाही वाचली, पण तिचा हात गेला.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सार्जंटबाई लिहू लागल्या. "दिवा नादुरुस्त होता, असं टाकते. तुझी नोकरी वाचेल."

मी तर ठणठणीत होतो. पण सांगायला मला तोंड कुठे होतं?

टाके घातलेला गाल धरून नाहुम म्हणाला, "नका, मॅडम. मी विझवला, असं लिहा."

तीन महिने त्याला घरी बसवलं. परतल्यावर तो आधी ओदिलियाकडे गेला आणि सगळं सांगितलं. तिने तापलं उलथनं त्याच्या अंगावर फेकलं.

"भेकडा! माझ्या पोरीचा हात खाल्लास!"

तो मान खाली घालून उभा राहिला. डाव्या हाताने पोळी उलटत सुयापाने विचारलं, "उद्या गाडी कुठे लावणार?"

"इथेच."

"दिवा?"

"चालू."

"मग जा. उद्या बघते."

तेव्हापासून ती रोज दिवेलागणीला पुलावर येते, मला बघते आणि परत जाते.

परवा आणखी एक गोळी आली. माझी डावी बाजू फुटली. आत पाणी शिरतं, म्हणून मी अर्धाच जळतो. टेकडीवर जरा खुट्ट झालं, की नाहुमचं बोट आजही बटणाकडे जातं. आणि मागे येतं.

नाहुम, खुशाल घाबर. घाम येऊ दे, देवाचा धावा कर, सीटखाली लप. बोट तेवढं आवर, बाबा. पुलावर ती उभी आहे.