थंड काटा

मेल्चोरच्या जीपनीच्या, म्हणजे जीपमधून केलेल्या प्रवासी गाडीच्या, इंजिनाला बसलेलं हे तिसरं हेड. आधीची दोन त्याने घाटात तापवून तडकवली होती, आणि दोन्ही वेळा त्याचं म्हणणं एकच होतं की आपल्याला कळलंच नाही. जीपनी सासऱ्यांची, त्यांना तो ताताय, म्हणजे बाबा, म्हणे. ताताय गौदेन्सियोंनी तीस वर्षं ती त्याच घाटात चालवून मग जावयाच्या हाती दिली होती. तिसरं हेड आलं तेव्हा त्यांनी सुपारीचा चोथा थुंकून शांतपणे सांगितलं, "हेही गेलं तर गाडी पाब्लितोला देईन. तू त्याची डुकरं सांभाळ."

पाब्लितो म्हणजे मेव्हणा. मेल्चोरला डुकरांचं काही वावडं नव्हतं, पण पाब्लितोच्या हाताखाली राबायला तो मुळीच तयार नव्हता. गाडी सोडून त्याला दुसरं काही येतही नव्हतं. त्याने ठरवलं, यंदा टेंपरेचरचा सेन्सर आणि मीटर बसवायचं. मग कळलं नाही म्हणायची सोयच राहणार नाही.

हेड जपानहून आलेलं, जुन्या मालातलं. त्याचं सेन्सरचं भोक मोठं आणि सेन्सर बारीक. मेल्चोरने शहरातून मधे बसेल असं पितळी कडं, म्हणजे बुश, कातून आणला. बुश हेडमध्ये, सेन्सर बुशमध्ये. कुठूनही पाण्याचा थेंब गळता कामा नये म्हणून नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप त्याने बुशच्या आट्यांवर सात वेळा गुंडाळली आणि सेन्सरच्या आट्यांवरही सात वेळा. काम असं चोख केलं की स्वतःलाच दोनदा शाबासकी दिली. रीतीप्रमाणे कोंबडा कापून इंजिनावर रक्ताचे चार थेंबही पाडले. मग गाडी चालू केली. अर्धा तास झाला तरी मीटरचा काटा थंडच.

"बघा ताताय," तो म्हणाला, "असं थंड इंजिन अख्ख्या इलोइलो प्रांतात नसेल."

शनिवारी बाजारच्या फेरीला ताताय पुढच्या सीटवर येऊन बसले आणि मीटरवर नजर रोखून राहिले.

घाटात मध्यावर झरा आहे. वर जाणारी प्रत्येक जीपनी तिथे थांबते, इंजिन गार होतं, रेडिएटरमध्ये पाणी पडतं, माणसं उकडलेल्या शेंगा घेतात आणि झुडपामागे जाऊन येतात. मेल्चोर झरा मागे टाकून पुढे निघाला.

"अरे, झरा गेला की," मागून लोला पास्तोरा म्हणाली. सगळ्यांची लोला, म्हणजे आजी; वय ब्याऐंशी, मांडीवर बदकांची टोपली.

"आता थांबायची गरज नाही, लोला. मीटर बसवलंय."

"मीटर तुला बसवलंय. मला कुठे बसवलंय?"

गाडी हसली. टपावर बसलेल्यांनाही कुणीतरी विनोद पोचवला आणि तेही हसले.

"वास येतोय," ताताय म्हणाले.

"बदकांचा असेल. काटा बघा ना, थंड आहे."

"मला वास येतोय, तोतो, पोरा."

"ताताय, काटा खोटं बोलतो का?"

पुढच्या वळणावर लोलाने थांबायची खूण म्हणून छताचा पत्रा नाण्याने असा बडवला की थांबणं भाग पडलं. ती झुडपाकडे गेली. ताताय उतरले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि लगेच उचलला. पुढच्या जाळीतून वाफ येत होती. काटा थंडच होता.

पाण्याचा डबा उचलून मेल्चोर धावला, तोच सासऱ्यांनी त्याचं मनगट धरलं.

"तापलेल्या हेडवर गार पाणी ओतलंस की संपलं. इंजिन बंद कर आणि बस."

"किती वेळ?"

"बस म्हटलं ना."

तासभर सगळे रस्त्याच्या कडेला बसले. लोकांनी पातेली, मासळीची टोपं, जे सापडेल त्यात मागे जाऊन झऱ्याचं पाणी आणून ठेवलं. कुणी रागावलं नाही, येताना झऱ्यावरून शेंगाही आणल्या होत्या. मेल्चोरने मात्र शेंगांना हात लावला नाही. एका पोरकट हट्टापायी आपण सासऱ्यांचं आयुष्य उकळवलं, असं त्याला वाटलं आणि फार लाज वाटली.

इंजिन निवल्यावर त्याने सेन्सर बुशसकट काढला. पांढऱ्या टेपेचं जाड वेटोळं बोटात आलं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. सेन्सरला एकच वायर. परतीची वीज आट्यांमधून हेडच्या लोखंडात जायची, आणि तीच वाट त्याने स्वतःच्या हाताने टेपेने दोन जागी बुजवली होती, म्हणून काटा हलत नव्हता. नखाने खरवडून त्याने दोन्हीकडची टेप काढली, जेमतेम एक वेढा ठेवला, सगळं परत आवळलं, हळूहळू पाणी भरलं आणि गाडी चालू केली. पाण्यात बुडबुडे नाहीत, आवाजात खोट नाही. हेड वाचलं होतं. थोड्या वेळाने काटा थरथरला आणि चढू लागला.

मेल्चोरने इंजिन तसंच चालू ठेवलं आणि खाली उतरून उभा राहिला.

"चूक माझी आहे, ताताय. तुम्ही चालवा. पाब्लितोला मीच सांगतो."

ताताय आधीच पुढच्या सीटवर चढले होते, ते हलले नाहीत.

"काटा हलला का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या समोरच तर आहे. अर्ध्यावर आलाय."

ताताय मीटरकडे तोंड करून तसेच बसले होते. मग मागच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले, "मला तिथे नुसतं गोल दिसतं. दोन वर्षं झाली. रस्तासुद्धा धड दिसत नाही. तुझ्या बायकोला सांगू नकोस."

सकाळपासून ज्या नजरेला मेल्चोर घाबरत होता, तिला काहीच दिसत नव्हतं.

"चढ," ताताय म्हणाले. "वास मला येतो. काटा तू वाचून दाखव."

तो चढला. लोला बदकांसकट जागेवर बसली होती. पहिल्या वळणावर मेल्चोर म्हणाला, "अर्धा." दुसऱ्या वळणावर म्हणाला, "अर्ध्याच्या जरा वर." ताताय डोळे मिटून मान हलवत होते.