इथं काहीतरी लपवलंय

मी एक जुनी रेहाल आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. पोथी जमिनीला टेकू नये म्हणून जिच्यावर उघडून ठेवतात, ती कात्रीसारखी उभी राहणारी लाकडी घडी म्हणजे मी. माझं सगळं आयुष्य वालूरच्या कुसुमबाईंच्या घरात गेलं. कुसुमबाईंनी जन्मभर कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं वाचली, आणि आत्मचरित्रांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळं स्वतःची कहाणी सांगायला बसताना माझी जरा तंतरलीच आहे. "पयल्या पानावर बालपन आलं की मी धा पानं उलटते," असं त्या म्हणायच्या. म्हणून माझं बालपण थोडक्यात उरकते.

झरीच्या सिताराम सुतारांनी एका चौकटीतून उरलेल्या सागवानी फळीतून मला घडवलं. माझ्या अंगात ना खिळा, ना बिजागरी. एकाच फळीला मधोमध अशी चीर दिली, की उघडली तर दोन पाय आणि मिटली तर पुन्हा एक फळी. कुसुमबाईंच्या सासूबाई चांगुणाबाई यांनी मला पोथीसाठी घरात आणलं. त्या असेपर्यंत माझ्यावर पोथीशिवाय दुसरं काही आलं नाही. त्या गेल्या, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर कुसुमबाईंनी पोथी लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवली आणि गावच्या वाचनालयातली एक जाडजूड कादंबरी माझ्यावर उघडली. मला कसंतरीच झालं. पण आठवड्याभरात मीही त्या कादंबरीत अशी रमले, की पोथीची आठवणसुद्धा झाली नाही.

वाचायला मला डोळे नाहीत, मित्रांनो. पुस्तकाची पाठ तेवढी माझ्याकडे असते. पण कुसुमबाई ओठांत पुटपुटत वाचायच्या, आणि त्यांनी वाचलेलं सगळं मी ऐकलं. वाचनालयाचं पुस्तक मळू नये म्हणून त्या प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायच्या, आणि एकदा कव्हर चढलं की पुस्तकाचं खरं नाव त्यांच्या लेखी संपलं. मग त्या आपली नावं ठेवायच्या. एक उंटवाली, एक चोरट्या नवऱ्याची, एक नुसतीच 'रडकी'.

या कव्हरामुळं एका श्रावणात मोठी गंमत झाली. शेजारची एक बाई आली, माझ्यावर उघडं पुस्तक पाहून तिनं भक्तिभावानं वाकून नमस्कार केला, पानाला हळदीकुंकू वाहिलं आणि खडीसाखर ठेवली. त्या पानावर कादंबरीची नायिका मागच्या दारानं पळून चालली होती. कुसुमबाईंनी तिला सगळं करू दिलं. ती बाई गेल्यावर मात्र पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि ती खडीसाखर त्यांनीच खाल्ली.

त्यांची मतं ऐकायला एकच माणूस होतं, सुकेशनीबाई. त्या गावातल्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त झाल्यात. कुसुमबाईंचा जीव कादंबरीत, सुकेशनीबाईंचा आत्मचरित्रात. दोघी माझ्या दोन बाजूंना बसायच्या आणि मधे माझ्यावर पुस्तक.

"ह्या सायबाच्या पुस्तकात बायको कवा येती बघ," एखाद्या बड्या अधिकाऱ्याच्या आत्मचरित्रावरून कुसुमबाई म्हणायच्या. "लग्नात, बाळंतपनात आन् मयतीत. मधी काय ती माळ्यावर ठिवली हुती का?"

"आन् तुमच्या कादंबरीत? दोनशे पानं झाली, एक बाई चुलीपुढं बसली नाही. सगळे उपाशीच प्रेम करायलेत."

"उपाशी का असंना, खरं बोलायलेत. कादंबरीतला मानूस खोटा असतो, त्याला कुनाची भीड न्हाई. आत्मचरित्रवाला जित्या मानसाला सांभाळून घेतो. तिथंच ते पुस्तक कच्चं ऱ्हातंय."

असं कच्चं ठिकाण आलं, की कुसुमबाई उघड्या पानावर तळहात थापायच्या. थप! "इथं कायतरी लपवलंय." तो दणका पानांमधून माझ्या पायांपर्यंत यायचा. लेखक कितीही मोठा असो, त्या हातातून सुटला नाही.

एकदाच त्यांनी माघार घेतलेली मी पाहिली. सुकेशनीबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "कुसुमताई, आमच्या लोकांना कादंबरी लिहायच्या आधी 'आमी हाव' एवढंच सांगावं लागलं. आत्मचरित्र नसतं तर आमी कुठं दिसलो असतो?"

कुसुमबाईंनी माझ्यावरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "मग तू लिव."

"माझ्यात काय हाय लिहिण्यासारखं?" असं म्हणून सुकेशनीबाईंनी विषय उडवून लावला.

मागच्या हिवाळ्यात सुकेशनीबाई मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला मुलाकडं नांदेडला गेल्या आणि तिकडंच राहिल्या. इकडं कुसुमबाईंनी नवी कादंबरी धरली. तिचं नाव त्यांनी ठेवलं 'विहीरवाली'. सामाईक विहिरीवरून भांडून दोन बहिणींनी अर्धं आयुष्य अबोला धरलेला असतो. शेवटी थोरली उठते, धाकटीच्या गावी जाते, तिच्या दारापुढं उभी राहते आणि कडी वाजवायला हात उचलते. एवढं वाचून कुसुमबाईंनी पानात दोरा घातला, मला सांगितल्यागत "आलेच" म्हणाल्या आणि चुलीवरचं दूध बघायला उठल्या. त्या परत आल्याच नाहीत. स्वयंपाकघरात त्या पडल्याचा आवाज मी ऐकला. मला हाक मारता आली असती तर!

परभणीच्या दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि वाचा गेली होती. ज्या तोंडातून एवढी मतं बाहेर पडली, त्यात आता "ते… ते…" एवढंच उरलं. बाजेवर टेकवून बसवलं की त्या डावा हात माझ्याकडं करायच्या. "ते… ते…"

मुलगा परमेश्वर आणि सून राजेश्री, दोघंही जीव लावणारी. राजेश्रीनं चटकन ओळखलं, आणि चुकीचं ओळखलं. "आत्याबाईला पोथी पायजे! रेहालीकडं हात करायल्यात."

लाल फडकं सुटलं. इतक्या वर्षांनी पोथी माझ्यावर आली. राजेश्री दिवसभराचं काम आटोपून, अंघोळ करून, उदबत्ती लावून रोज एक अध्याय वाचायची. कुसुमबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. शेजारपाजारचे हात जोडायचे. "जलमभर गोष्टी वाचल्या, पन शेवटी देवच आठवला बघा." कुणी सांगितलं म्हणून परमेश्वरनं मोबाइलवरही पोथी लावून ठेवली, म्हणजे राजेश्री कामात असली तरी खंड पडू नये.

मित्रांनो, पोथीवर माझा राग नाही. तिच्याचसाठी मी जन्माला आले. पण कुसुमबाई देवाला बोलावत नव्हत्या. त्यांना एवढंच हवं होतं, की ती कडी वाजली का. सगळ्या घरात ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि सुतारानं मला पाय दिले, तोंड दिलं नाही.

एके दिवशी त्यांनी डाव्या हातानं पोथी ढकलली. ती खाली पडली. राजेश्री पांढरीफटक झाली. तिनं पोथी उचलून कपाळाला लावली, देवाची माफी मागितली आणि सासूच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला. "त्यान्ला आता कळंना गेलंय," ती परमेश्वरला म्हणाली. त्या दिवशी मला मिटून देवघराच्या फळीवर ठेवलं. दोन पायांची पुन्हा एक फळी झाले. माझ्यावर धूळ बसू लागली. खाली कुसुमबाई भिंतीकडं बघत पडायच्या.

होळीच्या सुमारास सुकेशनीबाई परतल्या. पिशवी न उतरवताच आल्या. मैत्रिणीची दशा पाहून आधी रडल्या, मग डोळे पुसून त्यांनी चारी बाजूंना बघितलं.

"रेहाल कुठंय?"

राजेश्रीनं घाबरत मला खाली काढलं. पोथीचं सगळं सांगितलं.

"अगं पोरी, पोथी नाही! त्यांचं पुस्तक अर्धं राहिलं असंल!"

कुसुमबाईंनी असा आवाज काढला, की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. कुणीतरी ओळखलं!

परमेश्वर खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, पुस्तकं मी वाचनालयात देऊन आलो. दुसऱ्याची वस्तू घरात कशाला, म्हनून कव्हरं काढून सगळी दिली."

तो तसाच धावत गेला आणि पोतंभर कादंबऱ्या घेऊन आला. एकेक पुस्तक समोर धरलं. पण कुसुमबाईंनी ती पुस्तकं वर्तमानपत्रात बघितलेली. रंगीत चेहऱ्यांनी ती सगळीच परकी दिसत होती. सुकेशनीबाई पानं चाळून थोडं थोडं वाचून दाखवायच्या, कुसुमबाई मान हलवायच्या. नाही. नाही. दोरा कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. कदाचित ती कादंबरी दुसऱ्या कुणी नेली असेल.

"नाव काय तिचं, ताई? निदान तुमी ठेवलेलं नाव?"

"ते… ते…"

विहीरवाली! विहीरवाली! मी आतल्या आत ओरडत होते. माझी फळी साधी करकरलीसुद्धा नाही.

शेवटी पोतं भरून ठेवलं. माझ्यावर काहीच नव्हतं. सुकेशनीबाई माझ्यापुढं बसल्या आणि हसण्याचा प्रयत्न करत म्हणाल्या, "तुमीच म्हनत होता ना, तू लिव? मग आज माझं ऐका."

त्या सांगू लागल्या. ताडकळसचं बालपण, आजीचा हात धरून केलेला बाजार. कुसुमबाईंनी धा पानं उलटली नाहीत, कान देऊन ऐकलं. मग नोकरी, वालूरला झालेली बदली. "आन् मग मी तुमच्या घरी पहिल्यांदा आले. सासूबाई होत्या तवा. तुमी चहा दिला. लय बरं वाटलं मला. परक्या गावात आपलं माणूस भेटलं."

कुसुमबाईंचा डावा हात बाजेवरून सरकला, खाली आला आणि माझ्या रिकाम्या फळ्यांवर पडला. थप.

सुकेशनीबाई थांबल्या. राजेश्रीला काही कळलं नाही. मला कळलं, कारण त्या दिवशी मी तिथंच होते.

"जाऊ द्या ना, ताई," सुकेशनीबाई अगदी हळू म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी कशाला?"

हात हलला नाही. उलट त्याचा भार वाढला.

"बरं. खरं सांगते." त्या म्हणाल्या. "चहा दिला तो वेगळ्या कपात. दाराबाहेरच्या कोनाड्यात कप पालथा ठेवलेला होता, आमच्यासारख्यांसाठी. मी ओळखला होता. बरं वाटलं नव्हतं मला. घरी जाऊन रडले होते."

कुसुमबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते राजेश्रीच्या अध्यायाचं पाणी नव्हतं. त्यांनी हात उचलला, आणि सुकेशनीबाईंनी तो वरच्यावर आपल्या हातात धरला. "आता पुढचं सांगते," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला तुमी सासूसमोर मला तुमच्या कपात चहा दिला. तेबी लिहीन. पण आधी हे लिहीन."

आता त्या रोज येतात. लिहिलेला कागद माझ्यावर ठेवून वाचतात आणि थप आली की खोडतात. कुसुमबाईंची वाचा आली नाही, येईल असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

म्हणून माझी विनवणी ऐका, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी वाचत बसलं असेल, तर त्यांना बोलता येतंय तोवर विचारा, काय वाचताय, कुठपर्यंत आलं. आणि एखाद्या वाचनालयात तुम्हाला दोरा घातलेली जुनी कादंबरी सापडली, दोन बहिणींची, विहिरीवरून भांडलेल्या, तर मधलं काही सांगू नका. वालूरला या आणि ती कडी वाजली का, एवढं आमच्या कुसुमबाईंना सांगून जा.