गाडीची जागा

रेश्माचा नवरा तानाजी तमिळनाडूत सेलमला गलाईच्या धंद्यात होता; सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं त्याचं दुकान होतं. तिथंच त्यानं दुसरा संसार मांडला आणि विट्याचं घर रेश्माला सोडून दिलं. घरातलं सामान त्याचा भाऊ टेम्पोत भरून घेऊन गेला.

रेश्मा ब्लाऊज शिवून पोट भरू लागली. जमेल तशी एकेक खोली तिनं स्वतःच चुन्यानं रंगवली. मग ती अंगणाकडं वळली. तिथं पूर्वी तिनं लावलेली जाई होती. तानाजीनं गाडी घेतली तेव्हा ती उपटून सगळीकडं सिमेंटचे ब्लॉक बसवले होते. एका रविवारी ती पहार घेऊन ते उचकटू लागली. खालची माती दगडासारखी झाली होती.

तिची लेक शिवांजली पायरीवर बसून बघत होती.

"मम्मी, सगळंच काढणार व्हय?"

"व्हय. मेथी टाकू, जाई लावू."

"मग पप्पा आल्यावर गाडी कुठं लावतील?"

रेश्माची पहार थांबली. इतके दिवस तिनं लेकीला 'दुकानात लय काम हाय' एवढंच सांगितलं होतं.

"पप्पा आता न्हाईत यायचे, बाळा."

शिवांजली रडली नाही. ती फाटकाजवळ गेली आणि तिथल्या ब्लॉकांवर उभी राहिली. "एवढं तरी राहू दे."

रेश्मानं ते राहू दिलं. बाकीच्या जागेत मेथी चांगली उगवली, शेजारीपाजारीही देता आली. शिवांजली मात्र रोज शाळेला जाण्याआधी फाटकाजवळचा तो तुकडा झाडून काढायची. रेश्मा दारातून बघत राहायची.