एक प्रांत आणि एक रनआउट

वली परकारला कुठल्याही दोन माणसांचं भांडण मिटवता येत असे. अट एकच, त्यातला एक तो स्वतः नसावा.

तो दुबईजवळच्या जबल अलीतल्या एका लेबर कॅम्पचा कॅम्प बॉस. येत्या गुरुवारी त्याच्या लेकीचा, उझमाचा निकाह होता, आणि तिचा सख्खा मामू ओवेस, शारजात राहणारा, त्याला आमंत्रणच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी रत्नागिरी विरुद्ध रायगड सामन्यात अंपायर वलीने या मेहुण्याला रनआउट दिलं होतं. ओवेस बॅट आपटून गेला तो गेलाच.

"एक फोन करा," जुलेखा त्या सकाळी पुन्हा म्हणाली. "माझा एकुलता एक भाऊ आहे. त्याच्याशिवाय पोरीला निरोप देऊ?"

"माफी त्याने मागायची. खलास."

"अब्बा, इज मामू कमिंग ऑर नॉट?" उझमाने आतून विचारलं. वलीने बुटाची नाडी दोनदा बांधली आणि तो सटकला.

संध्याकाळी कॅम्पच्या मैदानावर फुटबॉल होता. युगांडातल्या कंपालाचे सिक्युरिटी गार्ड विरुद्ध केनियातल्या नैरोबीचे. कंपनीला सलोखा हवा होता, म्हणजे फोटो हवे होते. प्रमुख पाहुणा वली आणि रेफरीही वलीच. दुसऱ्या कुणाला विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही.

आता कोकणातल्या गावात शाल, नारळ आणि दोन्ही गावांच्या जुन्या संबंधांवर भाषण झाल्याशिवाय चेंडू हलत नाही. तिथे ते भाषण कुणी ऐकत नाही, म्हणून सगळं सुरळीत पार पडतं. इथे गार्ड लोक सावधान उभे राहून शब्द न् शब्द ऐकत होते. वलीने मोबाइलवरून वाचून दाखवलं, की इंग्रजांनी रेल्वे बांधली, नाव युगांडाचं आणि रूळ केनियात. एकोणीसशे दोन साली युगांडाचा अख्खा पूर्व प्रांत, किसुमूसकट, उचलून शेजारच्यांना देऊन टाकला. आणि एकोणीसशे सव्वीसपासून दोघे प्रेमाने फुटबॉल खेळत आहेत.

"ऐकलंस?" कंपालाचा कॅप्टन मुकासा म्हणाला. "किसुमू आमचं. तुमचं नैरोबीसुद्धा आमच्याकडे येणाऱ्या गाडीचं स्टेशन होतं!"

"मग ये न्यायला," नैरोबीचा किमानी म्हणाला.

यापुढे जे झालं त्याला नियमांच्या पुस्तकात फुटबॉल म्हणत नाहीत. पंधरा मिनिटांत दोन शर्ट फाटले. घाबरून वलीने शिट्टी फुंकली आणि काहीतरी द्यायचं म्हणून कंपालाला पेनल्टी दिली. ती कशाबद्दल, हे खुद्द कंपालालाही कळेना. बावीसच्या बावीस जण रेफरीवर धावून आले. अशा रीतीने सलोखा झाला.

मगरिबच्या नमाजनंतर वली मेसमध्ये लपून बसला होता. मुकासा आणि किमानी एकाच ताटात मक्याच्या पिठाचा गोळा मोडून खात होते. एक त्याला पोशो म्हणत होता, दुसरा उगाली, आणि दोघांनाही नावाचं काही पडलेलं नव्हतं.

"बॉस, तुमच्या ब्रदर-इन-लॉचं काय झालं?" किमानीने विचारलं. वली ती रनआउटची गोष्ट दर महिन्याला सांगत असल्यामुळे कॅम्पमध्ये ती सगळ्यांना पाठ होती.

"काय व्हायचंय? अजून माफी नाही."

मुकासा घास थांबवून म्हणाला, "बॉस, आमचा प्रांत गेला. तरी मी याच्या ताटात जेवतोय. तुमची तर विकेटही गेली नाही. त्याची गेली."

दोघे हसले, पण त्यात कुचेष्टा नव्हती. तेच वलीला जास्त लागलं. उझमा लहान असताना ओवेसच्या खांद्यावर बसून खोर फक्कानच्या समुद्रात शिरायची, ते त्याला आठवलं. तो बाहेर आला आणि कंपनीच्या बसला टेकून त्याने फोन लावला.

पलीकडे उचलला गेला. सलाम नाही, दुआ नाही.

"भावजी," ओवेस म्हणाला, "माझा पाय क्रीजच्या आत होता."

वलीने डोळे मिटले. पाय बाहेर होता. चांगला वीतभर बाहेर होता, आणि हे कयामतपर्यंत बदलणार नव्हतं.

"होता," वली म्हणाला. "गुरुवारी लवकर ये."