माळावरच्या बंगल्यांची सभा

पाबळच्या पुढं, शिरूर तालुक्याच्या अगदी कडेला हिवरमाळ नावाचं गाव आहे. २००४ च्या सुमारास तिथलं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि जाईबाई सरपंच झाल्या. त्यांचं घर मूळचं मेंढपाळांचं. सासऱ्यांच्या काळात मेंढरं मोडून ते शेतीत स्थिरावलं होतं. जाईबाई बोलायला मऊ. थोरल्या दिरांसमोर तर त्या कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या. त्यामुळं कारभार नवराच बघणार, असं गाव धरून चाललं होतं.

हे थोरले दीर म्हणजे बबनराव. गावाच्या वरच्या अंगाला असलेला मोठा माळ त्यांच्या वाटणीला आला होता. माळावरून लांबचं तळं दिसायचं, म्हणून पुण्याच्या एका बिल्डरनं तो मागितला. सुट्टीला येणाऱ्या शहरी लोकांसाठी एका जागी जवळजवळ बंगले बांधायचे आणि भोवतीचा माळ मोकळा ठेवायचा, असा त्याचा बेत होता. बातमी फुटली आणि गावाला घोर लागला. माळाच्या खालीच गावाची विहीर होती. वर बोअर पडल्या तर विहिरीला पाणी राहील का? संडासांचं पाणी ओढ्यात उतरलं तर? ज्या थोड्या घरांत अजून मेंढरं होती, त्यांची वाटही त्याच माळावरून जायची.

लोकांना लगेच विरोधाचा ठराव हवा होता. दुसरीकडं, पंचायतीची संमती मिळालीच पाहिजे, असं बबनराव धाकट्या भावाला, म्हणजे जाईबाईंच्या नवऱ्याला, बजावून गेले होते. जाईबाईंनी कुणालाच शब्द दिला नाही. त्यांनी एक टेम्पो ठरवला आणि गावातल्या बायामाणसांना घेऊन दौंडकडच्या एका गावी गेल्या. तिथं असे बंगले आधीच उभे राहिले होते.

त्यांच्यासोबत फरीदा होती. तिचं घर विहिरीला लागूनच होतं, आणि नवरा रशीद गावात वेल्डिंगची कामं करायचा. त्या गावच्या बायकांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. दूध, भाजी दारात खपते, कामं मिळाली, रस्ता डांबरी झाला. पण विहिरीच्या पाण्याला वास येतो, आणि जुन्या वाटेवर आता गेट आहे, वॉचमन हटकतो. जाईबाईंनी बऱ्या गोष्टीही तितक्याच लक्ष देऊन ऐकल्या.

मग शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला होता. बबनराव उभे राहिले, तसा गलका झाला. हा गाव विकायला निघालाय, असं मागून कुणीतरी म्हणालं. बबनरावांचा चेहरा लाल झाला. ते टोपी सारखी करून निघायलाच लागले होते, तोवर जाईबाई उठल्या.

"भावजी, थांबा," त्या म्हणाल्या. मग लोकांकडं वळल्या. "रान त्यांचं हाय. त्यांचं ऐकल्याबिगर ही सभा पुढं जायची न्हाई. मधी कुणी बोललं तर मी सभा उठवीन."

थोरल्या दिराला भरसभेत थांबवणारी भावजय गावानं पहिल्यांदाच पाहिली होती, आणि तीही त्याचीच बाजू ऐकवायला उभी होती.

बबनराव अडखळत बोलले. गुडघे गेलेत, मंडळींच्यानं आता शेत होत नाही. मुली आपापल्या घरी. दौंडला जावई रेल्वेत आहे, तिथं जाऊन राहावं असं वाटतं. "मला गावाचं वाईट करायचं न्हाई," ते म्हणाले. "पर ह्या दगडावर मी अजून किती दिस काढू?"

मग फरीदा उभी राहिली.

"मामा, तुम्ही खुशाल इका. त्याला आमची ना न्हाई. पर वरची घाण खाली उतरली तर आम्ही पाणी कुठलं प्यायचं?"

बबनराव तिच्याकडं वळले. आपली विक्री मोडायलाच अख्खं गाव जमलंय, असं ते आजवर समजत होते; हिचं म्हणणं तर फक्त पाण्याचं होतं. त्यांनी बिल्डरच्या माणसाला विचारलं, की हेच बंगले माळाच्या माथ्यापलीकडच्या उतारावर घेता येतील का. तिकडचं पाणी गावाकडं येत नव्हतं. तो म्हणाला, तिकडून तळं दिसत नाही, गिऱ्हाईक येणार नाही.

"मग घेऊ नका," बबनराव म्हणाले.

माणूस नकाशा गुंडाळून गेला आणि पुढं कितीतरी महिने काहीच कळलं नाही. ते दिवस जाईबाईंना जड गेले. शेजारच्या रानाला भाव येईल या आशेवर असलेले लोक त्यांना टोमणे मारत. थोरल्या जाऊबाईंनी बोलणं टाकलं. जाईबाई तरीही रोज त्यांच्याकडं जायच्या, दोन हंडे पाणी भरून द्यायच्या आणि न बोलता परत यायच्या. सभेत वागले ते चुकलं, असं मात्र त्यांना एकदाही वाटलं नाही.

दिवाळीनंतर बिल्डर स्वतःच आला. बंगले कमी केले होते, ते पलीकडच्या उतारावर नेले होते, सांडपाणी आपल्याच जागेत जिरवायचं आणि मेंढरांची वाट उघडी ठेवायची, हे त्यानं मान्य केलं. ग्रामसभेनं या अटींवर ठराव केला. बबनरावांनी सगळ्यांत आधी हात वर केला.

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. एका उन्हाळ्यात बंगल्यांसाठी आणखी एक बोअर घ्यायला गाडी आली, ती कुणाला न विचारता गावाच्या बाजूला उभी केली. जाईबाई आणि फरीदा बायकांना घेऊन गाडीसमोर जाऊन बसल्या आणि ती परत गेल्यावरच उठल्या.

बबनराव दौंडला निघाले, त्या सकाळी स्टँडवर बरंच गाव जमलं होतं. जाऊबाईंनी जाईबाईंचा हात हातात धरून ठेवला होता. एसटी आली, तसे बबनराव म्हणाले, "जाई, त्या दिशी तू मला थांबवलं नसतंस, तर मी गावाशी वैर धरून गेलो असतो."

"जपून जावा," जाईबाई म्हणाल्या. "आन् जत्रंला या."

गाडी वळणाआड होईपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या.